गोऱ्या कॉलनीतली दोन मराठी घरं

बहारीनमध्ये वर्षं काढलेली दोन माणसं एका सोफ्यावर बसली, की पहिला चहा तब्येतीच्या गप्पांत जातो. दुसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतं, "ते आठवतंय का?" आणि मग तिसरा चहा करायला कुणी उठतच नाही! परत येताना लोकांनी ब्लँकेटं आणली, टेपरेकॉर्डर आणले, दुधाच्या पावडरीचे डबे आणले. आमच्या सामानात हे किस्से कधी शिरले ते कळलं नाही. कस्टमवाल्यालाही सापडले नाहीत, म्हणून तर शाबूत आहेत!

तर आम्ही मूळचे कराडचे. आमचे हे तेल कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. सुरुवातीला आम्ही मनामाजवळ झिंजला एका फ्लॅटमध्ये राहायचो. खाली किराणा, वर मल्याळी कुटुंब, समोर अरबी शेजारी. कुणाकडेही साखर मागायला जावं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर यांना प्रमोशन मिळालं, हे सीनियर स्टाफ झाले आणि कंपनीच्या कॉलनीत आम्हाला बंगला मिळाला.

कॉलनी म्हणजे वाळवंटात उचलून ठेवलेलं इंग्लंड. गेटबाहेर वाळू आणि पाइपलाइनी, गेटच्या आत हिरवळ, गुलाब, पांढरी कुंपणं, क्लब, पोहण्याचा तलाव आणि मुलांची छोटी शाळा. माणसं जवळजवळ सगळी गोरी. मराठी घरं दोनच. एक आमचं आणि दुसरं वसईच्या डिमेलोंचं. पीटर डिमेलो कंपनीच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. त्याची बायको मेरी, मुलगा विल्फ्रेड. विल्फ्रेड आणि आमची ज्ञानदा एकाच वर्गात. त्या वर्गात बाकी सगळी सोनेरी डोकी.

*

पहिल्याच दिवशी ज्ञानदा शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "आई, फ्रॉम टुडे आय अ‍ॅम डायना."

"का गं?"

"मिसला माझं नाव म्हणताना खोकला येतो."

आता 'ज्ञ' म्हणताना आपल्याकडच्यांचीही तारांबळ उडते, तर त्या बाईंचा काय दोष! मी म्हटलं, बघू, होईल सवय. पण खरी गंमत डिमेलोंच्या घरी झाली. विल्फ्रेडचं नाव बाईंना फारच सोपं गेलं. बाई थोड्या हिरमुसल्या. म्हणाल्या, "हे झालं शाळेचं नाव. पण तुझं खरं, इंडियन नाव काय?"

पोराला दुसरं नाव असेल तर सांगेल ना! त्याच्या आजोबांचं नाव जोसेफ, पणजोबांचं बस्त्याव. पण मिसनी विचारलंय म्हणजे काहीतरी सांगायलाच हवं. त्याने छाती फुगवून सांगितलं, "नालासोपारा."

"किती सुंदर!" बाई म्हणाल्या. "एखाद्या राजपुत्राचं वाटतं!"

ते सबंध वर्ष शाळेत त्याची हजेरी 'विल्फ्रेड नालासोपारा डिमेलो' या नावाने लागली!

*

मेरी सुट्टीवरून येताना वसईहून सुके बोंबील आणायची. बहारीनची दमट हवा बोंबलांना मानवत नाही. म्हणून शाळा नसलेल्या एका सकाळी तिने ते मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगले. एका ओळीत, मोज्यांसारखे.

तासाभरात शेजारणीने कंपनीत फोन केला. "इथे गॅस लीक होतोय!"

तेल कंपनीत गॅस लीक म्हणजे थट्टा नव्हे. सेफ्टीची लाल गाडी भोंगा वाजवत आली. सगळ्या बायका पोरांना घेऊन रस्त्यावर. मी ज्ञानदाला कडेवर घेतलेली, पायात एकच चप्पल. गाडीतून मास्क लावलेला, हातात मीटर घेतलेला माणूस उतरला. त्याचं नाव युसुफ, राहणारा जवळच्या मआमीर गावचा. तो एकेक घर हुंगत हुंगत डिमेलोंच्या मागच्या दारी पोचला आणि थबकला. मास्क काढला. डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. मग मेरीकडे वळून हिंदीत म्हणाला, "मॅडम, मफी गॅस, गॅस नहीं है! ये तो मेरी माँ के घर का स्मेल है!"

मआमीरला त्यांच्याकडेही मासे वाळत घालायचे ना! बाहेर येऊन त्याने जमलेल्या गोऱ्या मंडळींना इंग्रजीत जाहीर केलं, "नो लीक. ओन्ली लंच!"

मेरीने त्याला कागदात बांधून बोंबील दिले. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी युसुफ आपणहून विचारायला यायचा, "मॅडम, काही लीक आहे का?"

*

उन्हाळ्याआधी क्लबात जत्रा भरायची. त्यात मुलांची एक स्पर्धा असे, 'बेस्ट टॅन'. म्हणजे उन्हात पडून ज्याची कातडी सगळ्यात छान तांबूस-तपकिरी झाली, त्याला कप. बायका पोरांना तेल लावून तलावाकाठी पापडासारखं उलटसुलट करायच्या.

विल्फ्रेडने आपलं नाव दिलं!

कुणाला न विचारता, चड्डी घालून, तो रांगेत जाऊन उभा राहिला. परीक्षक बाई एकेकाचे दंड बघत येत होत्या. विल्फ्रेडपाशी येऊन त्या अडखळल्या. म्हणाल्या, "विल्फ्रेड डियर, धिस इज नॉट फेअर!"

विल्फ्रेड म्हणाला, "नो मिस. आय अ‍ॅम नॉट!"

अख्खा तलाव हसला. बाईही हसल्या. कप अर्थातच दुसऱ्याला गेला.

घरी आल्यावर मात्र त्याने मेरीला विचारलं, "मम्मी, त्यांचा टॅन नंतर कुठे जातो?"

"थंडी आली की उतरतो."

"आणि माझा?"

मेरी मला हे सांगताना हसत होती. सांगून झाल्यावर हसत नव्हती.

*

नाताळात शाळेत येशूजन्माचं नाटक व्हायचं. विल्फ्रेडला दर वर्षी एकच भूमिका, पूर्वेकडून आलेला तिसरा राजा. डोक्याला टॉवेल, हातात डबा, वाक्य एकही नाही. त्याला व्हायचं होतं जोसेफ. आजोबांचं नाव! बरं, वर्गात रविवारची प्रार्थना न चुकवणारा तोच एक. पण बाई प्रेमाने म्हणायच्या, "तू राजा फार शोभतोस रे!"

तिसऱ्या वर्षी पीटर शाळेत गेला. पीटर म्हणजे अगदी हळू बोलणारा माणूस. एक्स-रे काढताना 'श्वास धरा' असं म्हणायचा तेही पेशंटला दोनदा विचारावं लागे. त्याने बाईंना इतकंच विचारलं, "मॅडम, बेथलेहेम इथून जवळ, की लंडनहून?"

बाई विचारात पडल्या. "इथून, अर्थात."

"मग जोसेफ दिसायला कुणासारखा असेल?"

बाई लाल झाल्या. पण मनाच्या सरळ होत्या. त्या वर्षी विल्फ्रेड जोसेफ झाला.

नाटकाचा दिवस आला. मेरीने साडीचा पदर तोंडात धरलेला. विल्फ्रेड गर्भार मरियेला हाताला धरून रंगमंचावर आला आणि त्याने धर्मशाळेचं दार ठोठावलं. निळ्या डोळ्यांचा निक धर्मशाळावाला झाला होता. तो ओरडला, "जागा नाही!"

नाटकात यानंतर जोसेफने मान खाली घालून गोठ्याकडे जायचं होतं. विल्फ्रेड हलेना. इतक्या वर्षांनी मिळालेली भूमिका, आणि पहिल्याच दाराशी नकार! त्याने निककडे रोखून बघितलं आणि ठणकावलं, "कसं नाही? आम्ही सीनियर स्टाफ आहोत!"

निकने दार उघडलं!

*

शुक्रवार, म्हणजे तिथली सुट्टी, आमचा मराठी मंडळींचा. झिंजला एका मोठ्या फ्लॅटमध्ये आम्ही जमायचो. वर्षातून एकदा उम्म अल हस्सम भागातल्या एका हॉलमध्ये सगळ्यांचा मिळून कार्यक्रम, आणि त्यातल्या मुलांची जबाबदारी माझ्याकडे. दिग्दर्शक होते बापू सावंत. कुडाळकडचे, कंपनीची बस चालवायचे. गावी असताना दशावतारात राणीचं काम करायचे. बहारीनला येऊन त्यांनी मिशी वाढवली, पण राणी कशी करावी हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

त्या वर्षीच्या मुलांच्या नाटकात ज्ञानदा राणी होती. वय दहा. बापू तिला समजावत होते, "चेडवा, तुजा राज्य गेला! शत्रून् लुटल्यान! रागाव मां!"

ज्ञानदाने त्यांच्याकडे सहानुभूतीने बघितलं. "इट्स ओके, अंकल."

बापूंनी डोक्याला हात लावला. "वहिनीनूं, खलास! ह्या राणीक राज्याची काय्येक पडलेली नाय!" मग तिच्याकडे वळून म्हणाले, "मगे तुका राग येता तरी कसलो?"

मी इंग्रजीत विचारलं. मग तिने एक स्टूल ओढलं, खोलीच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर पाठ ताठ करून बसली. आपलीच वेणी एका हाताने उचलली आणि दुसऱ्या मुलींचे आवाज काढत बोलायला लागली. "केवढी लांब! हात लावू? आतून दोरखंड आहे का? कधी धुतेस? तेलाचा वास येतोय!" वेणी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, जणू ती तिची नव्हतीच. शेवटी आपल्या आवाजात म्हणाली, "हात लावू का विचारतात, तेव्हा हात लावलेलाच असतो."

मी तिची आई. ती वेणी रोज सकाळी मी घालत होते, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

मग विल्फ्रेड उठला. त्याने टॅनची स्पर्धा करून दाखवली, सगळी पात्रं एकट्याने. मग मनामातल्या शाळांतली दुसरी पोरं. प्रत्येकाकडे काहीतरी होतं.

सगळं इंग्रजीत चाललेलं. बापू भिंतीला टेकून उभे होते. शेवटी म्हणाले, "इंग्लिश माका समाजला नाय. पण राग समाजलो."

राणीचं नाटक तिथेच संपलं.

*

उम्म अल हस्समच्या हॉलमध्ये मुलांनी आपल्याच किस्स्यांचं 'कॉलनीत आम्ही' केलं. बापूंनी त्यात दशावताराची शिस्त आणली. कोण कुठून येणार, कोण कुठे थांबणार, हसू आलं तरी पुढचं वाक्य कधी टाकायचं. लोक आधी पोट धरून हसले. वेणीच्या प्रसंगाला बायकांचे पदर डोळ्यांकडे गेले.

कार्यक्रम संपल्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ आले. चेहरा नाराज. "छान होतं. पण आपल्या कार्यक्रमात मुलांनी इंग्रजीत का बोलावं?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर मेरी म्हणाली, "काका, त्यांना जे झालं ते इंग्रजीत झालं!"

*

ही बातमी कॉलनीत पोचली ती अर्धीच. क्लबच्या कार्यक्रमांचं बघणाऱ्या मिसेस हार्डिंग माझ्याकडे आल्या. "तुमच्या मुलांनी काहीतरी केलं म्हणे! आपण क्लबात इंडियन ईव्हनिंग करू. नाच, रंगीत कपडे, समोसे!"

मी हो म्हणून बसले. घरी सांगितलं तर यांचा चेहरा पडला. कारण मिस्टर हार्डिंग म्हणजे यांचे सुपरिंटेंडेंट. प्लँटमध्ये ते नुसते चालत गेले तरी मीटरचे काटे सरळ होतात, असं लोक म्हणायचे. आणि यांचं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. सही त्यांचीच.

"कोळीनृत्य बसव," हे म्हणाले. "टोपल्या दे पोरींच्या हातात. टाळ्या घ्या, खलास."

"मुलांना विचारते."

"मुलांना काय विचारायचं? बंगला मुलांना मिळालाय का?"

ज्ञानदा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आत येऊन तिने सरळ विचारलं, "बाबा, आर यू स्केअर्ड ऑफ मिस्टर हार्डिंग?"

मला वाटलं, हे चिडतील. हे खूप वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसले. मग म्हणाले, "हो."

ज्ञानदा तशीच उभी.

"हो, घाबरतो. पण तुम्ही तुमचं तेच करा." आणि बूट बाजूला ठेवत, "मागे पडद्यावर काय लावणार आहात? ते पांढरं कुंपण नीट काढायला हवं. मी काढून देतो."

दोन शुक्रवार हा माणूस झिंजच्या गच्चीवर गुडघे टेकून कापडावर कुंपण रंगवत होता. इन्स्ट्रुमेंट इंजिनियर! प्रत्येक फळी पट्टी लावून!

*

आता शेवटचं, आणि हे सांगताना अजून मी हातातला कप खाली ठेवते.

क्लबचा हॉल भरलेला. गोऱ्या बायकांनी हौसेने साड्या नेसल्या होत्या. त्यातल्या निम्म्या मीच नेसवल्या होत्या. मिस्टर हार्डिंग पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. आमचे हे सगळ्यात मागे, दाराजवळ. बापू आणि मी विंगेत.

पडदा उघडला. मागे यांनी रंगवलेलं कॉलनीचंच कुंपण. लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. बोंबलाच्या प्रसंगाला हशा पिकला. ज्या शेजारणीने फोन केला होता तीच सगळ्यात मोठ्याने हसली. टॅनच्या प्रसंगाला हशा जरा पातळ झाला. ज्ञानदाने वेणी उचलली आणि हॉल गप्प झाला. "हात लावू का विचारतात, तेव्हा हात लावलेलाच असतो." पुढच्या दोन-तीन रांगांतल्या मुलींनी आपापले हात मांडीखाली घेतले, हे मी विंगेतून माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

नाटक संपलं. मुलं रांगेत उभी राहिली. टाळी नाही. कुणी खोकलं, तेवढाच आवाज. बापू पुटपुटले, "वाजवा रे, देवा, कोणीतरी वाजवा!"

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली. हार्डिंगांची मुलगी सुझन उठली. अकरा वर्षांची, चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके, बहारीनच्याच हॉस्पिटलात जन्मलेली. ती पायऱ्या चढून सरळ स्टेजवर आली. मिसेस हार्डिंग कुजबुजल्या, "सुझन! खाली ये!"

सुझन आली नाही. मुलांच्या रांगेच्या टोकाला उभी राहिली आणि म्हणाली, "मलाही एक सांगायचंय."

ज्ञानदाने विंगेत माझ्याकडे बघितलं. बापूंनीच हात हलवला, सांगू दे.

"पुढच्या महिन्यात मी बोर्डिंगला चाललेय," सुझन म्हणाली. "इंग्लंडला. सगळे म्हणतात, सुझन आता घरी जाणार. पण माझं घर इथे आहे. तिकडे मी दोनदाच गेलेय. तिथल्या मुली माझ्या बोलण्याला हसल्या. मी 'चला'ऐवजी यल्ला म्हणाले म्हणून." मग तिने लोकांकडे पाठ केली आणि ज्ञानदाला विचारलं, "तू कुठली, असं त्यांनी विचारलं तर मी काय सांगू?"

हे काही तालमीत नव्हतं.

"बहारीन सांग."

"आणि त्या हसल्या तर?"

"तर थांब," ज्ञानदा म्हणाली. "हसताना मध्ये श्वास घ्यावाच लागतो. त्यांनी तो घेतला, की पुन्हा सांग."

पहिल्या रांगेत मिस्टर हार्डिंगांनी हाताची घडी सोडली. बायकोकडे वळले. आपण किती मोठ्याने बोलतोय याचं त्यांना भान नसावं.

"दोनदाच?" ते म्हणाले. "आपण तिला दोनदाच नेलं?"